डेस्कटॉप विदागार प्रणालीचे अद्ययावतीकरण

डेस्कटॉप विदागार प्रणालीचे अद्ययावतीकरण म्हणजे वैयक्तिक संगणकावर किंवा छोट्या कार्यालयीन जाळ्यावर चालणाऱ्या जुन्या विदागार सॉफ्टवेअरच्या जागी त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणणे किंवा त्यातील विदा दुसऱ्या प्रणालीत नेणे. विदागारालाच व्यवहारात डेटाबेस म्हणतात. डीबेस, फॉक्सप्रो, व्हिज्युअल फॉक्सप्रो, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आणि फाइलमेकर ही या वर्गातील परिचित नावे होत. अशा प्रणालीत साठवलेल्या नोंदी सॉफ्टवेअरपेक्षा अधिक काळ टिकवाव्या लागतात. विद्यार्थ्याची जन्मतारीख, सभासदाची ठेव, कर्मचाऱ्याची सेवानोंद किंवा ग्रंथालयाचे दाखलपुस्तक यांची गरज अनेक दशके भासते, तर सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीला उत्पादकाचा आधार मर्यादित काळच मिळतो. या विसंगतीमुळे जुनी आवृत्ती वापरत राहावे की बदलावी, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे कधी ना कधी उभा राहतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणारे वेन रॅटलिफ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'व्हल्कन' नावाची आज्ञावली लिहिली. ॲश्टन-टेट या कंपनीने ती पुढे 'डीबेस २' या नावाने बाजारात आणली. १९८४ साली डीबेस ३ आले. त्याची डीबीएफ ही फाइलरचना इतर अनेक प्रणालींनी स्वीकारली. फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीने डीबेसशी सुसंगत, परंतु अधिक वेगवान असे फॉक्सबेस आणि नंतर फॉक्सप्रो तयार केले. ही कंपनी १९९२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

भारतात १९९०च्या दशकात संगणक प्रशिक्षण वर्गांमध्ये डीबेस आणि फॉक्सप्रो हे विषय आवर्जून शिकवले जात. त्यामुळे महाराष्ट्रातील पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि व्यापारी पेढ्या यांच्यासाठी स्थानिक प्रोग्रामरांनी याच साधनांतून आज्ञावल्या लिहून दिल्या. त्यांपैकी अनेक आज्ञावल्यांसोबत लेखी माहितीपुस्तिका नव्हती. प्रणाली कशी चालते याचे ज्ञान ती लिहिणारी व्यक्ती आणि ती रोज वापरणारा कर्मचारी यांच्यापुरतेच राहिले. अद्ययावतीकरणाचा प्रश्न पुढे अवघड होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण ठरले.

उत्पादकाचा आधार आणि त्याची समाप्ती

उत्पादक कंपनी ठरावीक मुदतीपर्यंत सुरक्षाविषयक दुरुस्त्या पुरवते. मुदत संपल्यावर सॉफ्टवेअर बंद पडत नाही, मात्र त्यात नव्याने सापडलेले दोष दुरुस्त होत नाहीत. काही आवृत्त्यांच्या आधारसमाप्तीच्या तारखा पुढीलप्रमाणे आहेत :

- ॲक्सेस २००३ : ८ एप्रिल २०१४
- व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ : १३ जानेवारी २०१५
- ॲक्सेस २००७ : १० ऑक्टोबर २०१७
- ॲक्सेस २०१० : १३ ऑक्टोबर २०२०
- ॲक्सेस २०१३ : ११ एप्रिल २०२३
- ॲक्सेस २०१६ व २०१९ : १४ ऑक्टोबर २०२५

व्हिज्युअल फॉक्सप्रोची स्थिती ॲक्सेसहून वेगळी आहे. २००४ साली आलेली नववी आवृत्ती हीच अखेरची असेल, असे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये जाहीर केले. म्हणून फॉक्सप्रोच्या वापरकर्त्याला त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेण्याचा मार्ग उरलेला नाही. त्याच्यापुढे जुनी प्रणाली टिकवणे किंवा पूर्णतः वेगळ्या प्रणालीकडे वळणे, एवढेच पर्याय राहतात.

अद्ययावतीकरण आवश्यक ठरवणारी कारणे

संगणक व कार्यप्रणालीतील बदल

पुष्कळदा निर्णय वापरकर्त्याच्या इच्छेने न होता संगणक बिघडल्यामुळे होतो. डॉससाठी किंवा विंडोजच्या १६-बिट आवृत्तीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. त्यामुळे फॉक्सप्रो २.६ वापरणाऱ्या कार्यालयाने नवा संगणक घेतला, तर जुनी आज्ञावली त्यावर तशीच सुरू होत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ हे ३२-बिट असल्याने ६४-बिट विंडोजवर चालते. मात्र त्याची विदा इतर सॉफ्टवेअरला पुरवणारे ओडीबीसी चालक केवळ ३२-बिट आहेत.

जाळ्यावरील फाइल-वाटपाच्या पद्धतीतही बदल झाला आहे. एसएमबीची पहिली आवृत्ती असुरक्षित मानली गेल्याने २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये ती मूलतः बंद ठेवली जाते. परिणामी विंडोज एक्सपी असलेल्या सामायिक संगणकावरील फाइली नव्या संगणकाला दिसेनाशा होतात.

आकारमर्यादा

ॲक्सेस ९७ मध्ये एका विदागार-फाइलची कमाल मर्यादा १ जीबी होती. ॲक्सेस २००० पासून ती २ जीबी झाली आणि पुढील आवृत्त्यांतही तेवढीच राहिली. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये प्रत्येक तक्त्याची मर्यादा २ जीबी आहे. म्हणून ज्या संस्थेची अडचण केवळ जागेची आहे, तिला ॲक्सेसची नवी आवृत्ती घेऊन लाभ होत नाही. तिला एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या सर्व्हर-आधारित प्रणालीचा विचार करावा लागतो.

सुरक्षितता

डीबीएफ फाइल कूटबद्ध नसते. जाळ्यावरील त्या फोल्डरपर्यंत पोहोचणारी कोणतीही व्यक्ती ती फाइल उघडू शकते. जुन्या ॲक्सेसमधील एमडीबी फाइलीचा पासवर्डही दुर्बळ होता. २००७ साली आलेल्या एसीसीडीबी रचनेत पासवर्ड दिल्यास संपूर्ण फाइल कूटबद्ध होते. मात्र त्याच रचनेत वापरकर्तानिहाय परवानग्यांची जुनी सोय काढून टाकण्यात आली. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणता तक्ता पाहावा हे त्या सोयीच्या आधारे ठरवणाऱ्या संस्थांना नव्या रचनेत तशी व्यवस्था आपोआप मिळत नाही. वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या भारतीय संस्थांच्या संदर्भात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमामुळे या मुद्द्याचे महत्त्व वाढले आहे.

तज्ज्ञांची उपलब्धता

आज्ञावली लिहिणारी व्यक्ती निवृत्त झाली किंवा संपर्कात राहिली नाही, तर किरकोळ बदलही अशक्य होतो. मूळ आज्ञावली हाती नसणे ही याहून गंभीर बाब होय. ॲक्सेसमध्ये एमडीई या प्रकारच्या फाइलीतून मूळ आज्ञा काढून टाकलेल्या असतात. ॲक्सेस ९७ मध्ये तयार केलेली एमडीई फाइल नव्या आवृत्तीत रूपांतरित करता येत नाही, त्यासाठी मूळ एमडीबी फाइलच लागते. त्यामुळे ती फाइल संस्थेकडे आहे की नाही, याचा शोध सर्वांत आधी घेणे इष्ट ठरते.

उपलब्ध पर्याय

१. आहे तसे ठेवणे. प्रणाली एकाच संगणकावर चालत असेल, तिचा इंटरनेटशी संबंध नसेल, नोंदींची वाढ अल्प असेल आणि प्रती नियमित काढल्या जात असतील, तर हा पर्याय सयुक्तिक ठरू शकतो. त्याची मर्यादा म्हणजे तो यंत्राच्या आयुष्यावर अवलंबून असतो.

२. जुने वातावरण नव्या यंत्रावर उभारणे. आभासी यंत्रात जुनी विंडोज बसवून किंवा डॉसबॉक्ससारख्या अनुकारकातून जुनी आज्ञावली चालवता येते. विदा व आज्ञावली यांत काहीही बदल करावा लागत नाही. छपाई, जाळ्यावरील एकत्र वापर आणि सुरक्षा-दुरुस्त्यांचा अभाव या अडचणी मात्र राहतात. जुन्या नोंदी केवळ पाहण्यापुरता हा मार्ग विशेष उपयुक्त आहे.

३. त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणे. तक्ते, फॉर्म व अहवाल बहुतांशी टिकतात आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण कमी लागते. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनतम आवृत्तीवर जाता येईलच असे नाही.

४. दुसऱ्या प्रणालीकडे स्थलांतर. विदा नेता येते, परंतु फॉर्म, अहवाल आणि आकडेमोडीच्या आज्ञा सहसा नव्याने लिहाव्या लागतात. खर्चाचा व वेळेचा मोठा भाग या पुनर्लेखनावर जातो.

५. विदा अभिलेख म्हणून जपणे. प्रणालीचा दैनंदिन वापर संपला असेल, तर तक्ते साध्या मजकूर-फाइलीत किंवा एसक्यूलाइटसारख्या खुल्या रचनेत काढून ठेवणे पुरेसे असते. सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ व सांकेतिक अक्षरांचे स्पष्टीकरण लिहिलेले असावे लागते, अन्यथा काही वर्षांनी त्या नोंदींचा अर्थ लागत नाही.

टप्प्याटप्प्याने होणारे रूपांतर

रूपांतराची साखळी तुटण्यापूर्वी निर्णय घेणे महत्त्वाचे असते. ॲक्सेस २०१० पर्यंतच्या आवृत्त्या ॲक्सेस ९७ ची फाइल उघडून तिचे रूपांतर करू शकत होत्या. ॲक्सेस २०१३ पासून ही सोय नाही. म्हणून ९७ ची फाइल आधी २००३, २००७ किंवा २०१० या मधल्या आवृत्तीत रूपांतरित करून मगच पुढे न्यावी लागते. डीबीएफ फाइलींच्या आयातीची सोयही ॲक्सेस २०१३ मध्ये काढून टाकली गेली. वर्गणीने मिळणाऱ्या ऑफिस ३६५ मध्ये ती २०१६ साली पुन्हा आली. फाइलमेकरच्या बाबतीतही असेच घडते. २०१२ साली आलेल्या फाइलमेकर १२ ने नवी फाइलरचना स्वीकारली, आणि आवृत्ती ७ च्या आधीच्या फाइली तीत नेण्यासाठी ७ ते ११ यांपैकी एखादी आवृत्ती मध्ये वापरावी लागते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. दर नव्या आवृत्तीला बदल करणे आवश्यक नसले, तरी अद्ययावतीकरण फार काळ लांबवल्यास मधली आवृत्ती मिळवणे हेच एक वेगळे काम होऊन बसते.

६४-बिट ऑफिसचा प्रश्नही येथेच उद्भवतो. ऑफिस २०१० पासून ६४-बिट स्वरूप उपलब्ध झाले. विंडोजमधील सुविधा थेट वापरणाऱ्या व्हीबीए आज्ञांच्या घोषणा त्यासाठी बदलाव्या लागतात. जुन्या जेट इंजिनाचे ६४-बिट रूप नाही, त्याचे काम नंतरच्या एसीई इंजिनाकडे आले आहे. अशा आज्ञा फार असल्यास ३२-बिट ऑफिस बसवणे हा तात्पुरता मार्ग असतो.

देवनागरी विदेचे प्रश्न

मराठी नोंदी असलेल्या विदागारांत एक अतिरिक्त अडचण असते. ॲक्सेस ९७ पर्यंतच्या आवृत्त्या युनिकोड वापरत नव्हत्या. ॲक्सेस २००० सोबत आलेल्या जेट ४ इंजिनाने मजकूर युनिकोडमध्ये साठवण्यास आरंभ केला. व्हिज्युअल फॉक्सप्रोला तर अखेरपर्यंत युनिकोडचा अंगभूत आधार मिळाला नाही. त्यामुळे जुनी मराठी विदा दोन प्रकारांत आढळते. पहिला प्रकार इस्की या भारतीय मानकाचा असून ते १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानात त्याचा वापर होता. दुसरा प्रकार विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असलेल्या संकेतांचा. यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात आणि तो फॉन्ट नसल्यास मजकूर निरर्थक इंग्रजी चिन्हांसारखा दिसतो.

फॉन्ट-आधारित मजकूर युनिकोडमध्ये आणताना चिन्हाच्या जागी चिन्ह ठेवणे पुरेसे नसते. पहिली वेलांटी दिसताना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून जुन्या पद्धतीत ती आधी टंकित होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचा क्रम याच्या उलट बदलतो. क्रम न बदलल्यास 'किरण', 'धर्म' अशी साधी नावेही बिघडतात.

मराठीची काही अक्षरे आणखी काळजी मागतात. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना भिन्न मानू शकतो. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, म्हणजे ५.१ आवृत्तीत आले. तोपर्यंत ते अ आणि चंद्र जोडून लिहिले जाई. परिणामी एकाच वकिलाचे नाव 'ॲड.' या उपाधीसह दोन वेगळ्या प्रकारे नोंदले गेलेले असू शकते. रूपांतराच्या वेळी एकच रूप निश्चित करून सर्व नोंदी त्यात आणणे आवश्यक असते.

जागेचाही हिशेब करावा लागतो. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट लागतो, तर युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. डीबीएफमधील मजकूर-रकाना कमाल २५४ बाइटांचा असल्याने त्यात युटीएफ-८ मजकूर ठेवल्यास केवळ ८४ देवनागरी चिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र चिन्हे म्हणून होते. त्यामुळे लांब पत्ते अर्धवट तुटण्याचा संभव असतो.

रूपांतरात आढळणाऱ्या चुका

पुढील चुका प्रणाली सुरू झाल्यावर लगेच लक्षात येत नाहीत, म्हणून त्या अधिक घातक ठरतात.

- पुसलेल्या नोंदी परत येणे : फॉक्सप्रो व डीबेसमध्ये 'डिलीट' आज्ञेने नोंदीवर केवळ खूण होते. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती फाइलीतून जाते. काही रूपांतर-साधने ही खूण दुर्लक्षितात आणि खाते बंद केलेले सभासद पुन्हा यादीत येतात.

- रिकाम्या तारखा : फॉक्सप्रोमध्ये तारखेचा रकाना रिकामा राहू शकतो. अन्य प्रणालीत गेल्यावर त्याच्या जागी ३० डिसेंबर १८९९ ही तारीख आढळणे हा नित्याचा अनुभव आहे.

- दोन अंकी वर्षे : विंडोज व ॲक्सेसच्या अनेक आवृत्त्यांतील मूळ नियमानुसार ०० ते २९ ही वर्षे २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ ही १९३० ते १९९९ मानली जातात. १९२८ साली जन्मलेल्या व्यक्तीचे वर्ष '२८' असे लिहिलेले असल्यास ती २०२८ साली जन्मणार असल्याची नोंद होते.

- पूर्णांकीकरणातील फरक : अडीचचे पूर्णांकीकरण फॉक्सप्रोची 'राउंड' आज्ञा ३ असे करते, तर ॲक्सेसमधील व्हीबीएची त्याच नावाची आज्ञा २ असे करते. व्हीबीए निम्म्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. व्याजाच्या हजारो नोंदींत हा फरक साचून बेरीज जुळेनाशी होते.

- आरंभीची शून्ये : '००१२३' हा खातेक्रमांक एक्सेलमार्गे नेल्यास १२३ होतो. जुन्या एक्सेल फाइलीत एका पानावर ६५,५३६ ओळींचीच मर्यादा असल्याने त्यापुढील नोंदीही गळू शकतात.

निर्णयाची पद्धत

निर्णयापूर्वी प्रणालीची यादी करण्याचा प्रघात आहे. कोणत्या फाइली कोठे आहेत, कोणते अहवाल खरोखर वापरात आहेत, मूळ आज्ञावली व परवाना कोणाकडे आहे, किती जण एकाच वेळी काम करतात, आणि नोंदी कायद्याने किती वर्षे जपणे बंधनकारक आहे, हे तीत लिहिले जाते. उदाहरणार्थ, कंपनी अधिनियम २०१३ नुसार कंपन्यांनी हिशेबाच्या वह्या किमान आठ आर्थिक वर्षे जपणे आवश्यक आहे. यादी पूर्ण झाल्यावर जुन्या अहवालांपैकी अनेकांची गरजच उरलेली नाही असे आढळू शकते, आणि स्थलांतराचा अंदाजित खर्च कमी होतो.

त्यानंतर संपूर्ण विदेची प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली जाते. न उघडलेली प्रत ही प्रत समजू नये, असा या क्षेत्रातील संकेत आहे. रूपांतराचा पहिला प्रयोग नेहमी प्रतीवरच करावयाचा असतो.

ॲक्सेसच्या बाबतीत तक्ते एका फाइलीत आणि फॉर्म, अहवाल व क्वेरी दुसऱ्या फाइलीत ठेवल्यास बदल सोपा होतो. सर्व संगणकांवर नवी आवृत्ती येईपर्यंत तक्त्यांची फाइल जुन्या रचनेत राहू शकते. फॉर्मची एकच फाइल वेगवेगळ्या आवृत्त्यांतून उघडणे मात्र टाळावे लागते, कारण नवी आवृत्ती त्या फाइलीतील संदर्भ आपल्याप्रमाणे बदलते आणि जुन्या आवृत्तीत ते तुटतात. ॲक्सेस २००७ पासून रनटाइम विनामूल्य मिळत असल्याने प्रत्येक संगणकासाठी पूर्ण परवाना घेण्याची आवश्यकता नसते. फॉर्मची रचना बदलणाऱ्या व्यक्तीकडेच पूर्ण आवृत्ती असावी लागते.

अंतिम टप्प्यात जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवतात. नोंदींची संख्या, प्रत्येक खात्याची शिल्लक व एकूण बेरीज यांची तुलना केली जाते, आणि काही नोंदी मूळ कागदी नोंदवहीशी ताडून पाहिल्या जातात. या काळात किमान एक महिनाअखेर यावी, आणि हिशेबाची प्रणाली असल्यास शक्यतो ३१ मार्चची वर्षअखेरही यावी, कारण क्वचित चालणाऱ्या आज्ञांतील दोष तेव्हाच उघड होतात. पडताळणी पूर्ण झाल्यावरही जुनी विदा केवळ वाचण्याजोग्या स्वरूपात जपून ठेवली जाते.

उदाहरणादाखल एका काल्पनिक ग्रामीण ग्रंथालयाचा विचार करता येईल. त्याच्याकडे ॲक्सेस ९७ मध्ये १२,००० पुस्तकांची सूची आहे, नावे फॉन्ट-आधारित मराठीत आहेत आणि संगणक एकच आहे. येथे आकारमर्यादेचा प्रश्न नाही आणि एकाच वेळी अनेक वापरकर्तेही नाहीत. तरीही तो फॉन्ट व तो संगणक गेल्यास सूची वाचता येणार नाही. म्हणून या ग्रंथालयासाठी नवी आवृत्ती विकत घेण्यापेक्षा विदा युनिकोडमध्ये आणणे हे तातडीचे काम ठरते. ते झाल्यावर सूची ॲक्सेसमध्ये ठेवावी की कोहासारख्या मुक्त ग्रंथालय-प्रणालीत न्यावी, याचा निर्णय सवडीने घेता येतो.

मतभेद

व्यवस्थित चालणाऱ्या प्रणालीत बदल करू नये, असे मानणारा एक पक्ष आहे. अनेक वर्षांच्या वापरातून जुन्या प्रणालीतील दोष दूर झालेले असतात, कर्मचाऱ्यांना ती सवयीची असते, आणि उत्पादकाच्या विक्रीच्या वेळापत्रकानुसार खर्च करत राहणे छोट्या संस्थांना परवडत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. ॲक्सेस २००७ मध्ये मेनूंच्या जागी रिबन आल्यावर अनेक वापरकर्त्यांना काम पुन्हा शिकावे लागले, हे उदाहरण या संदर्भात दिले जाते.

दुसऱ्या पक्षाच्या मते बदल टाळल्याने खर्च टळत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो. यंत्र बिघडल्यानंतर घाईने केलेले स्थलांतर अधिक खर्चिक असते आणि त्यात पडताळणीला वेळ मिळत नाही. सॉफ्टवेअर बदलण्याचा निर्णय लांबवला तरी विदेची प्रत खुल्या रचनेत काढून ठेवण्याचे काम लांबवू नये, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत सहसा दुमत आढळत नाही.

हेही पाहा

- मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस
- फॉक्सप्रो
- युनिकोड
- इस्की
- देवनागरी
- विदा संरक्षण